सव्वादोनची एन्डोस्कोपी: जर्मनीतल्या एका सोलापुरी सिस्टरचं प्रकरण

फेब्रुवारी २०२४. सोलापुरात रात्रीचे दोन वाजून गेले होते. सकाळी उठून मोबाइल पाहिला तर सव्वा मिनिटाचा व्हॉइस मेसेज. त्यातला निम्मा वेळ नुसता श्वासाचा आवाज. मग, ‘मॅडम, मी परत येते. मला नाही जमणार इथं. आईला अजून काही बोलले नाही.’

मी सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. ही माझी विद्यार्थिनी. हे प्रकरण मी तिच्या परवानगीनं लिहितेय. तिचं नाव, ती राहते ते गाव, तिचा दवाखाना हे काही सांगणार नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. घडलं ते मात्र जसंच्या तसं आहे.

लिहिण्याचं कारणही त्याच महिन्यातलं. महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवायचं, अशी बातमी आली. त्यात परिचारिकाही होत्या. तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाची तरी आई माझ्याकडे येते. पगार किती, थंडी किती, जेवणाचं काय, मुलीला एकटीला पाठवावं का, हे सगळं विचारते. या प्रकरणात ज्यावरून मुलगी मोडायला आली, ते आजवर एकाही आईनं विचारलेलं नाही. त्यांनी का विचारावं म्हणा. ते आम्हा शिकवणाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं.

मुलगी

तिची आई विडी कामगार. घर कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात. विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची ही वसाहत सोलापूरकरांना सांगायला नको. मुलगी लहान असताना शाळेतून आली की आईशेजारी बसून तेंदूची पानं कात्रीनं कापून द्यायची, आई तंबाखू भरून वळायची. मजुरी हजार विड्यांवर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. त्यामुळे हाताला नेमकेपणाची सवय त्या घरातच लागलेली. वर्गात तिची बेडमेकिंगची चादर बघावी, कोपरा कधी सुटलेला नसायचा.

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर तिनं दोन वर्षं एका खासगी दवाखान्यात काम केलं. मग जर्मनचे वर्ग. दीड वर्षात भाषेची बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरची पातळी गाठली. परीक्षेला पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायची. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. श्रवणात पहिल्यांदा राहिली, दुसऱ्यांदा निघाली. वर्गाची फी, परीक्षा, पुण्याला राहणं, कागदपत्रांची भाषांतरं या सगळ्याला मिळून अडीच लाखांचं कर्ज झालं. काही बचत गटाचं, बाकी आईच्या पाटल्या ठेवून.

इथं आयांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. जर्मन सरकारचं ‘फेअरं आनवेर्बुंग प्फ्लेगं डॉइचलांट’ नावाचं मानचिन्ह आहे, म्हणजे परिचारिकांच्या न्याय्य भरतीचं. ते ज्या संस्थेकडे असतं तिला मुलीकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत, खर्च नोकरी देणाऱ्यानं करायचा. एजंट पैसे मागू लागला तर आधी या मानचिन्हाबद्दल विचारा.

सप्टेंबर २०२३ मध्ये ती गेली. बॅगेत दोन किलो शेंगा चटणी, कडक भाकरीची तीन पाकिटं आणि घरातली एक सोलापुरी चादर. चादर नको, वजन होईल, असं मी म्हटलं होतं. तिची आई म्हणाली, ‘बाई, राहू द्या. पांघरायला आपलं काहीतरी पाहिजे.’ नोव्हेंबरमध्ये मुलीनं चादर पांघरून काढलेला फोटो पाठवला, तेव्हा आईचं बरोबर होतं हे मला पटलं.

रोजचं जगणं

पहिले तीन महिने ती मला रोज काही ना काही पाठवायची. ते मेसेज मी जपून ठेवलेत, कारण परदेशात राहणं म्हणजे काय हे त्यातून जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकातून कळत नाही.

गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. पत्ता नोंदवल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणायची. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली परत केली की मिळते. ती बाटल्या साठवून महिन्यातून एकदा न्यायची आणि त्या पैशात भाजी घ्यायची. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, म्हणून आईशी फोनवर कुजबुजत बोलायची. टीव्ही नसला तरी दर घराला महिन्याला १८ युरो ३६ सेंट प्रसारणशुल्क भरावं लागतं. ते पत्र आलं तेव्हा आपल्याला कुणीतरी फसवतंय असं वाटून ती घाबरली होती.

पगाराचा आकडा करारात एक आणि हातात दुसरा. आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा, वृद्धापकाळच्या सेवेचा विमा आणि कर जाऊन तिच्यासारख्या एकट्या मुलीच्या हातात साधारण दोन तृतीयांश उरतो. जाण्याआधी घरच्यांनी कर्जफेडीचा हिशेब पूर्ण आकड्यावर मांडला होता. ही चूक सगळीच घरं करतात.

एका गोष्टीनं तिला आनंद झाला. ती राहते त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमधल्या श्वाबियन मुलखात ‘केअरवोखं’ म्हणजे झाडलोटीचा आठवडा असतो. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते आणि त्यानं जिना, दारापुढची जागा स्वच्छ करायची. बाकीच्या मुली कुरकुर करायच्या. हिनं पहिल्याच पाळीत जिना असा धुतला की तळमजल्यावरच्या बाईंनी येऊन विचारलं, ही कुणाची पाळी? ‘मॅडम, आपल्याकडं अंगण झाडायचं असतंच की,’ एवढंच तिनं लिहिलं.

वॉर्डातलं काम मात्र जड गेलं, आणि ते अंगमेहनतीमुळे नव्हे. आपल्याकडे सिस्टर म्हणजे इंजेक्शन, सलाइन, औषधं, चार्ट. पेशंटला पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक करतात, नाहीतर मावशी. सोलापुरातल्या कुठल्याही वॉर्डात संध्याकाळी जा, कॉटशेजारी सतरंजी टाकून कुणीतरी बसलेलं असतं, डबा आलेला असतो. तिथं कॉटशेजारी कुणी नसतं. सकाळी सहाला ड्यूटी सुरू झाली की अंग पुसण्यापासून दात घासून देण्यापर्यंत सगळं परिचारिकेचं काम, आणि शिरेत सुई घालण्याचं काम बहुतेक डॉक्टरचं. तीन वर्षं शिकलेल्या मुलीला आपल्याला खाली ढकललं असं वाटतं. तिलाही वाटलं. मी तिला सांगितलं आणि आजही ठामपणे सांगते, पेशंटच्या अंगाला हात लागला की त्याची कातडी, त्याची भीती, त्याची भूक सगळं कळतं. आपण ते मावशींवर सोडून दिलं, यात आपलंच नुकसान झालं.

त्यातही तिची अडचण होतीच, कारण ती अजून त्यांच्या हिशेबानं पुरती परिचारिका नव्हती. परदेशातलं शिक्षण तिथल्या कायद्यात आपोआप चालत नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये श्टुटगार्टचं शासकीय कार्यालय दोन्ही अभ्यासक्रम ताडून बघतं, काय कमी पडतं ते लेखी कळवतं, आणि मग एकतर अनुकूलन अभ्यासक्रम करायचा किंवा परीक्षा द्यायची. तोवर सहायक म्हणून काम. तिनं अनुकूलन अभ्यासक्रम घेतला होता.

आणि हाक मारण्याचं. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या पेशंटला ती मायेनं ‘ओमा’ म्हणाली, म्हणजे आजी. बाजूच्या सिस्टरनं तिला बाहेर नेऊन समजावलं, की त्यांना आडनावानं आणि आदरार्थीच हाक मारायची, त्या तुझ्या आजी नाहीत. आपल्याकडे पेशंटला ‘अहो श्रीमती अमुक’ म्हटलं तर तो दचकेल. आजी, मावशी, मामा म्हटलं की हात सैल पडतो आणि सुई नीट जाते. ‘मग मायेनं बोलायचं कसं, मॅडम?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तिनंच हळूहळू शोधलं. आवाज खाली आणायचा, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, आणि आडनाव पूर्ण घ्यायचं.

घटना

त्या दिवशी तिची दुपारची ड्यूटी होती, दीड ते नऊ. वॉर्डात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई गॅस्ट्रोस्कोपीसाठी होत्या, म्हणजे दुर्बिणीनं पोट आतून तपासण्याच्या एन्डोस्कोपीसाठी. आदल्या रात्रीपासून एनबीएम, म्हणजे पोटात अन्न नाही, पाणी नाही. सकाळची वेळ पुढे ढकललेली. पावणेदोनच्या सुमारास वॉर्डातला फोन वाजला. जवळ हीच होती. पलीकडून एन्डोस्कोपी विभागाच्या बाई घाईघाईत, तिथल्या बोलीत म्हणाल्या, त्यांना ‘फीर्टल द्राय’ला खाली आणा.

ही म्हणाली, ‘या, या, आलेस क्लार.’ हो, हो, समजलं.

जर्मनच्या पुस्तकात सव्वादोनला ‘फीर्टल नाख त्स्वाय’ म्हणतात, दोननंतर पाव. सव्वातीनला ‘फीर्टल नाख द्राय’. तिनं ‘फीर्टल’ ऐकलं, ‘द्राय’ ऐकलं, आणि मधला ‘नाख’ तिच्या मनानंच घातला. सव्वातीन. हातातल्या कागदावर तिनं १५:१५ लिहिलं.

श्वाबियात ‘फीर्टल द्राय’ म्हणजे सव्वादोन.

दोन पस्तीसला पुन्हा फोन आला, पेशंट कुठे? तोवर ती वेळ दुसऱ्याला दिली गेली होती. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. त्या बाईंना तीन वाजता सूप मिळालं आणि रात्रीपासून पुन्हा उपाशी राहायचं होतं. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. सूपचा वाडगा हिनंच नेला. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून चमचा हिनं धरला. ‘त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं,’ असं ती मला नंतर म्हणाली.

पेशंटला इजा झाली नाही. एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. पण इन्चार्जनं तिला बोलावून विचारलं, कळलं नव्हतं तर परत का विचारलं नाहीस? ही मान खाली घालून उभी राहिली. पुन्हा विचारलं, ही गप्प. तिसऱ्यांदा इन्चार्जचा आवाज बदलला आणि पुढच्या आठवड्यात आपण ‘गेश्प्रेख’ घेऊ म्हणाल्या, म्हणजे बसून बोलू. हिच्या कानात ते ‘काढून टाकू’ असं शिरलं. कारणही होतं. नोकरीचे पहिले सहा महिने उमेदवारीचे. त्या काळात दोन आठवड्यांची नोटीस देऊन कुणीही कुणाला सोडू शकतं. तिचा सहावा महिना चालू होता. वरून करारात कलम होतं, की आपण होऊन लवकर सोडलं तर प्रशिक्षणाच्या खर्चाचा काही भाग परत करायचा. अडीच लाख आणि पाटल्या डोळ्यांपुढे. रात्री नऊला सुटून खोलीवर गेल्यावर तिनं मला तो मेसेज केला. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो.

माझी चूक

सकाळी मी फोन लावला आणि कुठलीही जुनी सिस्टर सांगेल तेच सांगितलं. माफी माग, उलट बोलू नकोस, पुढच्या वेळी नीट लक्ष देऊन ऐक.

तिनं माफी मागितली. तीन वेळा. त्यानं काहीच सुधारलं नाही, कारण माफीची अपेक्षाच कुणाची नव्हती. त्यांना कारण हवं होतं.

त्या वॉर्डात केरळच्या एक ज्येष्ठ परिचारिका आहेत. केरळच्या मुली १९६० च्या दशकापासून जर्मनीत जातायत. २०२१ मध्ये तर जर्मनीनं केरळ सरकारबरोबर परिचारिकांच्या भरतीचा करार केला. त्यांच्याकडे हे शहाणपण दोन पिढ्यांचं आहे, आपल्याकडे ते अजून साठलेलं नाही. त्यांनी हिला सांगितलं, गप्प राहू नकोस. इथं गप्प राहणं म्हणजे आदर नव्हे, इथं त्याचा अर्थ होतो की तुला काही वाटत नाही. काय ऐकलंस, काय समजलीस, ते कागदावर लिहून ने.

ते ऐकल्यावर मला एक जुनी सकाळ आठवली. ती दुसऱ्या वर्षाला होती. वॉर्ड राउंडला डॉक्टर पुढे, आम्ही मागे. एका औषधाच्या डोसबद्दल तिनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘मॅडम, हा डोस जास्त नाही का?’ मी तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘नंतर विचार.’ नंतर तिनं विचारलं नाही. मीही आठवण ठेवली नाही. डोस बरोबर होता, पण तो मुद्दा नव्हे. त्या दिवसानंतर तिनं राउंडला कधीच तोंड उघडलं नाही आणि मी तिच्या इंटर्नल मूल्यमापनात ‘शिस्तप्रिय’ असं लिहिलं.

दरवर्षी १० ऑक्टोबरच्या सुमारास आम्ही मुलींना भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात नेतो. १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करत ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. मुलींना मी त्यांचा त्याग सांगते. पण त्या सोलापूरच्या डॉक्टरला चीनमध्ये कुणा जखमी शेतकऱ्याचं बोलणं कळलं नसेल तेव्हा त्यानं काय केलं असेल, हा प्रश्न मी कधी वर्गात विचारला नव्हता. त्यानं नक्कीच पुन्हा विचारलं असणार. नाहीतर शस्त्रक्रिया करता आल्या नसत्या.

अडीच आणि पावणेतीन

रविवारी तिला सुट्टी होती. दोन तास व्हिडिओ कॉलवर बसलो. मला जर्मन येत नाही, म्हणून घड्याळाचा प्रश्न मी तिच्याकडूनच समजून घेतला. समजून घेताना एक गंमतशीर योग हाती लागला.

‘हाल्प द्राय’ म्हणजे किती, असं मी विचारलं. ती म्हणाली, अडीच. हे तिला पहिल्या पातळीपासून पाठ होतं. शब्दशः ‘अर्धा तीन’, पण अर्थ अडीच. अपवाद म्हणून घोकलेलं. मी म्हटलं, अगं, आपला ‘अडीच’ तरी कुठून आला? संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा झाला. जर्मन माणूस नेमकं तेच म्हणतोय.

ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे फीर्टल द्राय, तिसऱ्याचा पाव. दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला पाव. सव्वादोन.’ आणि लगेच पुढे, ‘आणि त्या लोकांचं द्रायफीर्टल द्राय असतं, मॅडम. तिसऱ्याचा पाऊण. पावणेतीन!’

आपण पावणेतीन म्हणताना तिनातून पाव कमी करतो, ते तिसऱ्या तासाचे तीन पाव मोजतात. वाट वेगळी, घड्याळाचा काटा एकाच ठिकाणी. सव्वा, अडीच, पाऊण यांची सवय असलेल्या मराठी मुलीला हे कुणी पाच मिनिटं समजावलं असतं, तर त्या म्हाताऱ्या बाईंची दुपार वाया गेली नसती. दीड वर्षाच्या वर्गात कुणी समजावलं नाही, कारण परीक्षेत पुस्तकी जर्मन येते, श्वाबियन येत नाही.

आकड्यांत मात्र ती कधी चुकली नव्हती, आणि तेही मराठीमुळेच. जर्मनमध्ये पंचेचाळीसला ‘फ्युन्फ-उंड-फीर्त्सिश’ म्हणतात, पाच आधी, चाळीस नंतर. आपणही पंचेचाळीसच म्हणतो. मल्याळममध्ये चाळीस आधी येतात, म्हणून केरळच्या मुलींना रक्तदाबाचे आकडे उलटे लिहिण्याची भीती सुरुवातीला फार असते. हिला नाही. आपल्या भाषेनं काय सोपं करून ठेवलंय, याची यादी करून मुलींच्या हातात द्यायला हवी. ती आता आम्ही करतोय.

मग वाक्यांचा सराव. मी फोनवरची घाईतली बाई झाले, मराठीतून. तिनं प्रत्येक वेळी जर्मनमधून दोनच वाक्यं म्हणायची. एक: ‘इश वीडरहोलं, फीर्त्सेन ऊर फ्युन्फत्सेन?’ मी पुन्हा सांगते, चौदा वाजून पंधरा? दुसरं: ‘दास हाबं इश निश्त फेरश्टान्डन. बिटं नोख आइनमाल.’ मला कळलं नाही, कृपया पुन्हा एकदा. पहिलं तिला लगेच जमलं. दुसरं म्हणताना प्रत्येक वेळी तिचा आवाज खाली जायचा आणि शेवटी ती हसायची. ते हसू आपल्याकडच्या मुलींचं, माफी मागणारं. पंधरा-वीस वेळा म्हणवून घेतल्यावर हसू गेलं.

औषधाची तोंडी ऑर्डर किंवा वेळ ऐकली की ऐकणाऱ्यानं ती मोठ्यानं परत म्हणायची आणि सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं, ही जगभरच्या दवाखान्यांतली साधी पद्धत. ती आमच्या अभ्यासक्रमात आहे. मी ती शिकवते, परीक्षेत पाच गुणांना विचारते. पण वर्गात कुणी मला माझंच वाक्य परत म्हणून दाखवलं असतं, तर मला ते उद्धटपणाचं वाटलं असतं.

बैठक

गेश्प्रेखला तिघी होत्या. इन्चार्ज, शिकाऊ परिचारिकांची मार्गदर्शक आणि ही. हिनं कागद वाचला. फोन किती वाजता आला, काय ऐकलं, काय लिहिलं, परत का विचारलं नाही. शेवटचं वाक्य तिनं स्वतःचं स्वतः लिहिलं होतं. मराठीत त्याचा अर्थ असा: ‘माझ्या देशात मोठ्यांना परत विचारणं बरं दिसत नाही असं मी शिकले, पण पेशंट उपाशी राहणं त्याहून वाईट आहे.’

इन्चार्ज थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला वाटलं होतं तुला फरकच पडत नाही.

मार्गदर्शक बाईंनी वेगळंच सांगितलं. त्यांचे यजमान उत्तर जर्मनीतले. लग्नानंतर कितीतरी दिवस ‘फीर्टल द्राय’ला ते तासभर उशिरा यायचे. म्हणजे ज्यांची मातृभाषा जर्मन त्यांचीही तीच गत होते. त्यामुळे दोष एकट्या मुलीचा नाही, फोनवर बोलीतली वेळ सांगण्याच्या पद्धतीचाही आहे, असं त्यांनी मांडलं. तिथल्या दवाखान्यांत चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग नाव न घालता नोंदवण्याची यंत्रणा असते. घटना त्यात नोंदवली गेली. निर्णय असा झाला, की वॉर्ड आणि तपासणी विभाग यांच्यात वेळ फक्त चोवीस तासांच्या आकड्यांत सांगायची आणि ऐकणाऱ्यानं ती परत म्हणायची.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की चूक करणाऱ्या नवख्या मुलीच्या तोंडून कारण निघालं म्हणून पद्धत बदलली. ती गप्प राहिली असती तर फार तर तिच्या जागी दुसरी मुलगी आली असती, आणि पुढच्या मुलीनं पुन्हा १५:१५ लिहिलं असतं.

काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. मुली परत प्रश्न विचारू लागल्या तर वॉर्ड चालणार कसा, असं त्या म्हणतात. कामाचा ताण मलाही माहीत आहे. एका सिस्टरमागे किती पेशंट असतात ते मी रोज बघते. पण परत विचारायला पाच सेकंद लागतात.

त्यानंतर

उमेदवारी पार पडली. अनुकूलन अभ्यासक्रम २०२५ मध्ये पूर्ण झाला, मान्यतेचं पत्र आलं, आणि आता ती तिथल्या कायद्यानं पूर्ण परिचारिका आहे. पगार वाढला. पाटल्या सुटल्या. बचत गटाचे थोडे हप्ते राहिलेत. सगळं गोड झालं असं मात्र नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी तिला दोन्ही वर्षं ड्यूटी होती. मोबाइलवर नंदीध्वज बघत तिनं तिथल्या खोलीत तांदूळ टाकले आणि नंतर ते वेचून ठेवले. आई अजून विड्या वळते. मुलगी नको म्हणते, आई म्हणते, हाताला काय करू? त्या फेब्रुवारीतली रात्र आईला अजून माहीत नाही. कधीकधी त्या मला बाजारात भेटतात आणि ‘बाई, ती जेवते का हो नीट?’ विचारतात. मी हो म्हणते. ते खरं असतं, पण पुरतं नसतं.

माझ्या वर्गात ‘समजलं का?’ हा प्रश्न मी बंद केलाय. त्याला साठ मुलींचं ‘हो मॅडम’ एका सुरात यायचं. आता एखादीला उभी करून ‘मी काय सांगितलं ते सांग’ म्हणते. पहिले दोन महिने मुली रडकुंडीला यायच्या, त्यांना शिक्षा वाटायची. परवा राउंडला एका पहिल्या वर्षाच्या मुलीनं डॉक्टरांना थांबवून विचारलं, ‘सर, पाच की पन्नास?’ डॉक्टर वळले. माझ्या छातीत धडधडलं. ते ‘पाच’ म्हणाले आणि पुढे गेले.

गेल्या महिन्यात तिचा एक फोटो आला. वॉर्डातल्या टेलिफोनवर चिकटवलेला पिवळा कागद, प्लॅस्टिकच्या पट्टीखाली. त्यावर तिच्या अक्षरात जर्मनमध्ये तीन ओळी: फीर्टल द्राय, हाल्प द्राय, द्रायफीर्टल द्राय. प्रत्येकीपुढे आकडे: १४:१५, १४:३०, १४:४५. नव्यानं आलेल्या फिलिपिन्सच्या दोन मुलींसाठी तिनं तो लावलाय. आणि खाली कोपऱ्यात, पेन्सिलनं, दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशा लिपीत: सव्वादोन, अडीच, पावणेतीन.